महाराज यशवंतराव होळकर : महायुद्धाच्या वर्षांत

कृष्णपुऱ्याच्या पुलावरून राजवाड्याकडे जाताना नदीकाठच्या छत्र्या आपण नेहमी पाहतो. त्यांतली एक शिवाजीराव होळकरांची. ते १९०८ च्या ऑक्टोबरात वारले. त्याआधी जेमतेम महिनाभर, ६ सप्टेंबरला, त्यांचा नातू जन्मला होता. हा नातू म्हणजे इंदूरचे शेवटचे राज्यकर्ते, महाराज यशवंतराव (दुसरे). एम. वाय. हॉस्पिटलच्या नावातले यशवंतराव ते हेच. त्यांचा माणिकबाग राजवाडा, दागिने, मोटारी यांबद्दल पुष्कळ लिहिले जाते. युद्धकाळात त्यांनी लिहिलेल्या एका पत्राची आठवण मात्र आपल्या घरांतून क्वचितच निघते.

१९२६ मध्ये वडील तुकोजीरावांनी गादी सोडली, तेव्हा यशवंतराव सतरा वर्षांचे होते. शिक्षण इंग्लंडमध्ये, चार्टरहाउस आणि ऑक्सफर्डला. १९३० मध्ये राज्याचे पूर्ण अधिकार हाती आले. माणिकबाग त्यांनी बांधून घेतला तो एकार्ट मुथेसियस या बर्लिनच्या वास्तुकाराकडून. कागल घराण्यातल्या महाराणी संयोगिताराजे १९३७ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये निवर्तल्या.

दोनच वर्षांनी जर्मनीने पोलंडवर स्वारी केली आणि युरोप पेटला. व्हाइसरॉय लिनलिथगो यांनी इथल्या पुढाऱ्यांना न विचारताच हिंदुस्थान युद्धात उतरल्याचे जाहीर केले. प्रांतांतल्या काँग्रेस मंत्रिमंडळांनी राजीनामे दिले. संस्थानिकांनी मात्र बहुतेक ठिकाणी इंग्रजांना माणसे आणि पैसा पुरवला. पुढे जपान युद्धात आला. १९४२ च्या फेब्रुवारीत सिंगापूर पडले, मार्चमध्ये रंगून. शत्रू हिंदुस्थानच्या दाराशी आला, आणि तडजोडीसाठी आलेले क्रिप्स एप्रिलमध्ये हात हलवत परत गेले.

मे महिन्यात यशवंतरावांनी अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट यांना उघड पत्र लिहिले. हिंदुस्थान आणि ब्रिटन यांच्यातल्या वादात अमेरिका, चीन आणि रशिया यांनी लवाद व्हावे, अशी त्यांची मागणी होती. आज हे साधे वाटेल. पण १८१८ च्या मंदसौरच्या तहापासून होळकरांना परराज्यांशी परस्पर व्यवहार करण्याची मुभा नव्हती, आणि ज्या इंग्रजी सत्तेच्या आधारावर गादी टिकून होती तिलाच बाजूला सारून हा माणूस थेट वॉशिंग्टनला लिहीत होता. इंग्रज सरकारला ते रुचणे शक्यच नव्हते. लवाद काही नेमला गेला नाही. ऑगस्टमध्ये चले जाव आंदोलन सुरू झाले आणि पुढारी तुरुंगात गेले.

युद्धाचा एक वेगळाच पाहुणा इंदूरला लाभला तो क्रिकेटमुळे. यशवंतरावांच्या आश्रयाखालील होळकर संघात सी. के. नायडू आणि मुश्ताक अली होतेच. महू छावणीत नेमणुकीवर असलेला इंग्लंडचा डेनिस कॉम्प्टनही त्यांच्याबरोबर खेळू लागला. १९४५ मध्ये मुंबईला झालेल्या रणजी अंतिम सामन्यात होळकरांसमोर ८६७ धावांचे लक्ष्य होते. मुश्ताकने दोन्ही डावांत शतक केले, कॉम्प्टन २४९ वर नाबाद राहिला, तरी सामना ३७४ धावांनी हरला. पुढच्याच वर्षी होळकरांनी करंडक जिंकला, हे आपले आजोबा लोक अभिमानाने सांगत.

युद्ध संपले तोवर हिंदी सैन्यात पंचवीस लाखांवर माणसे होती आणि ब्रिटनची तिजोरी रिकामी झाली होती. इंग्रज जाणार, हे ठरले. आणि इथे यशवंतराव अडखळले. रूझवेल्टना पत्र धाडणारा हाच राजा १९४७ मध्ये, भोपाळच्या नवाबांप्रमाणे, भारतात सामील होण्याच्या करारावर सही करायला चालढकल करीत राहिला. यावर पांघरूण घालण्याचे कारण नाही. देशाचे स्वातंत्र्य मागणे वेगळे आणि आपली सत्ता सोडणे वेगळे. सही अगदी शेवटच्या घटकेला झाली.

२८ मे १९४८ रोजी मध्य भारत राज्य अस्तित्वात आले. ग्वाल्हेरचे जिवाजीराव शिंदे राजप्रमुख झाले, यशवंतराव उपराजप्रमुख. १९५६ मध्ये मध्य भारतही मध्य प्रदेशात विलीन झाला. ५ डिसेंबर १९६१ रोजी मुंबईत यशवंतरावांचे निधन झाले. वय अवघे ५३.