कै. खाशाबा जाधव : मल्लाची खरी पारख

आंबेगाव तालुक्यातील महाळुंगे पडवळ हे गाव लहान खरे. परंतु हुतात्मा बाबू गेनू यांची जन्मभूमी म्हणून त्याचे नाव महाराष्ट्रात आदराने घेतले जाते. या गावाच्या परिसरात, किंबहुना जुन्नर-आंबेगावच्या साऱ्या टापूत, ग्रामदैवताची यात्रा आली म्हणजे कुस्त्यांचा फड हा ठरलेलाच. हलगी वाजू लागते, लहान मुलांच्या कुस्त्या रेवड्यांवर सुटतात, मग इनामाचे आकडे वाढत जातात आणि दिवस मावळता मावळता शेवटची मानाची जोड मैदानात उतरते. जो जिंकतो त्यास लोक खांद्यावर घेऊन नाचतात आणि असा पैलवान साऱ्या जगात नाही, असे रात्री पारावर कोणीतरी हटकून म्हणतोच.

आमचे विद्यार्थीही अलीकडे याच प्रकारचा वाद घालताना आम्ही ऐकतो. त्यांचा विषय मात्र पैशासाठी लढणाऱ्या परदेशी मुष्टियोद्ध्यांचा असतो. अमुक योद्धा एकदाही हरला नाही, म्हणून तो जगात पहिल्या प्रतीचा, असे एकजण म्हणतो. त्याने बलवान प्रतिस्पर्धी टाळले, असे दुसरा म्हणतो. वाद मिटत नाही, कारण योग्यता कशाने मोजावयाची हेच कोणी ठरविलेले नसते. अमेरिकेचा रॉकी मार्सियानो ४९ व्यावसायिक लढती लढला व एकही न हरता निवृत्त झाला. मुहंमद अली ६१ लढती लढला व त्यांतील ५ हरला. तरीही अलीस कोणी दुय्यम म्हणत नाही. केवळ जयांची बेरीज हा पुरेसा पुरावा नव्हे, हे यावरून उघड आहे. आपल्याकडील थोर मल्ल गामा हे स्वदेशात नावाजले होतेच. परंतु १९१० साली लंडनमध्ये पोलंडच्या झिबिस्कोशी त्यांची गाठ पडली, तेव्हाच त्यांची थोरवी परक्यांस पटली.

तर मग खरे माप कोणते? हे समजण्यास आपल्याच महाराष्ट्रातील एका मल्लाचे चरित्र आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहो. ते व्यावसायिक मुष्टियोद्धे नव्हते. ऑलिंपिकमध्ये लढलेले कुस्तीगीर होते. परंतु पारख करण्याची रीत दोहोंकडे एकच.

खाशाबा दादासाहेब जाधव यांचा जन्म १५ जानेवारी १९२६ रोजी सातारा जिल्ह्यात कराडजवळील गोळेश्वर या खेड्यात झाला. वडील स्वतः कुस्तीगीर असल्यामुळे लाल मातीचा गंध या मुलास लहानपणापासून परिचयाचा होता. शिक्षण कराडच्या टिळक हायस्कुलात व पुढे कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात झाले. १९४२ च्या चळवळीत त्यांनी भूमिगत कार्यकर्त्यांस साह्य केले. देहयष्टी लहान, वजन बेताचे. पाहणाऱ्यास हा पैलवान असेल असे वाटूही नये. परंतु चपळाई विलक्षण, आणि ढाक हा त्यांचा हुकमी डाव.

कोल्हापूर ही तर कुस्तीची पंढरी. तेथे नाव मिळविणे सोपे नव्हे, आणि ते खाशाबांनी मिळविले. एखादा सामान्य मल्ल एवढ्यावर संतुष्ट झाला असता. खाशाबांस मात्र १९४८ साली लंडनच्या ऑलिंपिक सामन्यांत उतरण्याची संधी आली व कोल्हापूर दरबाराने खर्चाचा भार उचलला. तेथे पाहतात तो सारेच निराळे! पायांखाली माती नाही, गादी आहे. मातीतल्या कुस्तीत प्रतिस्पर्ध्यास चीत केल्यावाचून निकाल नाही. येथे मुदत ठरलेली, आणि मुदत संपली तर पंच आपला निर्णय देणार. रीस गार्डनर या परदेशी शिक्षकाकडून जे शिकता आले तेवढे ते शिकले व ५२ किलो वजनाच्या गटात लढले. ऑस्ट्रेलियाच्या व अमेरिकेच्या मल्लांवर त्यांनी जय मिळविला, इराणच्या मल्लापुढे हार खाल्ली आणि अखेरीस त्यांस सहावे स्थान मिळाले.

सहावा क्रमांक हे यश म्हणावे की अपयश? आमच्या मते ती त्यांची पहिली खरी मोजणी होती. घरच्या मैदानातील टाळ्यांनी जे सांगितले नव्हते ते लंडनच्या गादीने सांगितले. जगातील पाच मल्ल आपल्यापुढे आहेत हे त्यांस कळले, आणि मातीवरचे डाव गादीवर जसेच्या तसे चालत नाहीत हेही कळले. ते परत आले ते रुसून नव्हे, तर काय शिकावयाचे राहिले आहे याची यादी मनात घेऊन. पुढील चार वर्षे त्यांनी याच अभ्यासात घालविली.

१९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकच्या वेळी संकटे घरातूनच उभी राहिली. निवडीविषयी वाद झाला, आणि खाशाबांस आपली योग्यता आखाड्यात पुन्हा सिद्ध करावी लागली. निवड झाली तर प्रवासाचा खर्च कोणी करावयाचा? त्यांच्या घरच्या माणसांनी गावोगाव वर्गणी मागितली, दुकानदारांनी यथाशक्ति हातभार लावला, आणि राजाराम कॉलेजच्या प्राचार्यांनी तर आपले राहते घर गहाण ठेवून ७,००० रुपये उभे करून दिले. विद्यार्थ्यावर एवढा भरवसा टाकणारा गुरू विरळा!

हेलसिंकीस खाशाबा ५७ किलोच्या गटात, म्हणजे लंडनहून वरच्या वजनात, लढले. कॅनडा, मेक्सिको व जर्मनी या देशांच्या मल्लांवर त्यांनी मात केली. त्या काळच्या नियमांप्रमाणे एका पराभवाने मल्ल बाहेर पडत नसे. प्रत्येक लढतीचे दोषगुण मोजून क्रम लावीत. खाशाबा दोन लढती हरले. एक जपानच्या शोहाची इशीशी व दुसरी सोव्हिएत रशियाच्या रशीद मामेदबेकोवशी. इशीस सुवर्णपदक मिळाले, मामेदबेकोवास रौप्य, आणि कांस्यपदक खाशाबांच्या गळ्यात पडले. स्वतंत्र भारतास वैयक्तिक खेळात मिळालेले हे पहिले ऑलिंपिक पदक होय.

एका दीर्घ लढतीनंतर पुरती विश्रांती न मिळता त्यांस दुसऱ्या लढतीस उभे राहावे लागले व त्यांची बाजू मांडण्यास कोणी अधिकारी जवळ नव्हता, असे सांगितले जाते. ते खरे मानले तरी आम्ही आपला निर्णय त्यावर उभा करू इच्छीत नाही. सबबींच्या आधारे कोणास मोठे ठरविणे म्हणजे त्याच्या खऱ्या मोठेपणास कमी लेखणे होय. हार ती हारच. परंतु ती कोणाकडून झाली, हे पाहा! त्या गटात जगात जे दोघे सर्वांत श्रेष्ठ ठरले, त्यांच्यावाचून कोणीही खाशाबांस हरवू शकला नाही. गावच्या फडात दुबळ्या जोडी घेऊन शंभर कुस्त्या जिंकणाऱ्यापेक्षा हे दोन पराभव अधिक मोलाचे आहेत.

आता आमच्या प्रश्नाचे उत्तर देता येईल. मल्ल असो वा मुष्टियोद्धा, त्याची योग्यता पाहावयाची तर प्रथम विचारावे, त्याचे प्रतिस्पर्धी कोण होते? मग विचारावे, आपल्या ओळखीच्या भूमीवर, आपल्याच माणसांच्या जयघोषात तो जिंकला, की परक्या देशी परक्या नियमांनी लढून त्याने आपले स्थान मिळविले? आणि शेवटी विचारावे, पराभवानंतर त्याने काय केले? या तिन्ही प्रश्नांस खाशाबांचे चरित्र निःशंक उत्तर देते. त्या पदकाची किंमत काळानेही सिद्ध केली. वैयक्तिक खेळातील पुढचे पदक भारतास १९९६ साली टेनिसपटू लिअँडर पेस यांनी मिळवून दिले. कुस्तीतील पुढच्या पदकास तर २००८ साल उजाडावे लागले.

खाशाबा परतले तेव्हा शंभरावर बैलगाड्यांची मिरवणूक त्यांस कराडहून गोळेश्वरास घेऊन गेली. परंतु मिरवणूक संपताच त्यांनी पहिले काम केले ते कर्ज फेडण्याचे. कोल्हापुरात कुस्त्यांची मैदाने भरवून पैसा जमविला आणि गुरूंचे गहाण घर सोडविले. आम्हांस हा प्रसंग पदकाहून कमी मोलाचा वाटत नाही. १९५५ साली ते पोलीस खात्यात फौजदार म्हणून दाखल झाले व सहायक पोलीस आयुक्त म्हणून निवृत्त झाले. १४ ऑगस्ट १९८४ रोजी अपघातात त्यांचे निधन झाले. अर्जुन पुरस्कार त्यांस मिळाला तो मरणोत्तर. जगाने ज्यास तिसरा म्हणून मानले, त्यास ओळखावयास स्वजनांस इतका विलंब लागावा, ही आपणां सर्वांस खाली मान घालावयास लावणारी गोष्ट आहे.

विद्यार्थ्यांनो, आपल्या वर्गात पहिला येणे ही आनंदाची गोष्ट आहे. परंतु ती गावच्या फडातील कुस्ती आहे हे विसरू नका. आपल्याहून बलवानाशी गाठ घालून घ्या, हरलात तर का हरलो ते शोधा, आणि पुन्हा उभे राहा. पालकांसही आमची नम्र विनंती आहे, की मुलाची खोटी स्तुती करू नये व त्याच्या सहाव्या क्रमांकाने निराश होऊ नये. देवाने प्रत्येकास काही ना काही देणगी दिली आहे. ती जमिनीत पुरून ठेवण्यासाठी नव्हे, वापरून वाढविण्यासाठी आहे. महाळुंगे पडवळ काय आणि गोळेश्वर काय, गावे लहानच. परंतु त्यांची नावे दूरवर गेली ती तेथील माणसांनी कठीण कसोटीस पाठ दाखविली नाही म्हणून. पुढल्या यात्रेत हलगी वाजू लागेल तेव्हा फडाच्या कडेला बसून आपण टाळ्या अवश्य वाजवाव्यात. मात्र मनात विचारावे, हा गडी उद्या परक्या गादीवर उभा राहील काय?