धावपटू एरिक लिडल : एक चरित्ररेखा

करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रात पौलाने श्रद्धावंताच्या जीवनास शर्यतीची उपमा दिली आहे. करिंथनजीक इस्थमियन क्रीडोत्सव भरत असल्यामुळे मूळ वाचकांना ती सहज उमगली असणार. वारीच्या चालीत भक्ती पाहणाऱ्या मराठी मनाला मात्र ती काहीशी परकी वाटते. एरिक लिडल यांच्या चरित्रात उपमेय आणि उपमान यांतील अंतरच उरत नाही.

स्कॉटिश मिशनरी दांपत्याचे हे अपत्य १६ जानेवारी १९०२ रोजी चीनमधील त्यांत्सिन येथे जन्मले. शिक्षण इंग्लंडमध्ये व पुढे एडिंबरा विद्यापीठात झाले. जुलै १९२३ मध्ये स्टोक येथे ४४० यार्डांच्या शर्यतीत आरंभीच धक्का लागून ते पडले. उठेपर्यंत इतर धावपटू सुमारे २० यार्ड पुढे गेले होते. तरी ती शर्यत त्यांनी जिंकली.

१९२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये १०० मीटरची प्राथमिक फेरी रविवारी होती. रविवार हा प्रभूचा दिवस मानणाऱ्या लिडल यांनी त्या शर्यतीत भाग घेण्याचे नाकारले. हा निर्णय ऐनवेळचा नव्हता. वेळापत्रक काही महिने आधीच ठाऊक झाले होते. १९८१ च्या 'चॅरियट्स ऑफ फायर' या चित्रपटातील नाट्य हा इतिहास नव्हे. ११ जुलै रोजी ४०० मीटरचे सुवर्णपदक त्यांनी ४७.६ सेकंदांत मिळविले.

चरित्रकार बहुधा येथेच रेंगाळतात. वस्तुतः लांब पल्ल्याची कसोटी पुढेच होती. १९२५ साली ते चीनला परतले आणि त्यांत्सिनच्या अँग्लो-चायनीज महाविद्यालयात शिकवू लागले. १९३७ पासून त्यांनी युद्धग्रस्त ग्रामीण भागात सेवा केली. १९४१ मध्ये गर्भवती पत्नी व दोन मुलींना त्यांनी कॅनडास पाठविले. तिसरी कन्या त्यांना कधीच पाहता आली नाही. १९४३ मध्ये जपान्यांनी त्यांना वेइश्येन येथील छावणीत स्थानबद्ध केले.

तेथे ते मुलांना शिकवीत, वृद्धांची कामे करीत, खेळ भरवीत. अर्थात रविवार वगळून. एकदा मुलांनी आपण होऊन रविवारी मांडलेला सामना पंचाअभावी हाणामारीत संपला. छावणीतील सहवासीयांच्या आठवणींनुसार, पुढील रविवारी पंच म्हणून स्वतः लिडल मैदानात उभे होते. सुवर्णपदकासाठी जो नियम वाकला नाही, तो मुलांच्या भांडणापुढे वाकला. यास कोणी शैथिल्य म्हणेल. मला तर पॅरिसच्या नकाराहून हा होकार अधिक अवघड वाटतो.

२१ फेब्रुवारी १९४५ रोजी मेंदूतील गाठीमुळे छावणीतच त्यांचे निधन झाले. छावणी मुक्त झाली ती त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये.