साक्षीदार प्रीमो लेवी

या ज्युबिली अंकांत आमच्या तरुण वाचकांपुढें आम्ही अशा एका पुरुषाचें चरित्र ठेवीत आहों, कीं ज्यानें मरणाच्या दाढेंतून सुटल्यावर आपलें उरलेलें आयुष्य साक्ष देण्यांत वेंचिलें.

प्रीमो लेवी यांचा जन्म इटलींतील तुरीन शहरीं ता. ३१ जुलै १९१९ रोजीं एका यहुदी कुटुंबांत झाला. १९३८ सालीं मुसोलिनीच्या सरकारनें यहुद्यांविरुद्ध कायदे केले. तरीहि १९४१ सालीं रसायनशास्त्राची पदवी त्यांनीं उत्तम रीतीनें मिळविली. १९४३ च्या डिसेंबरांत प्रतिकारकांच्या एका लहान टोळींत असतां ते पकडले गेले. फेब्रुवारी १९४४ मध्यें त्यांच्यासह सुमारें ६५० यहुदी माणसें मालगाडींत कोंडून नाझींच्या ताब्यांतील पोलंडांत औश्वित्स येथें नेण्यांत आलीं. त्यांतील बहुतेकांस लवकरच विषारी वायूनें ठार मारण्यांत आलें. लेवी यांस मजुरीसाठीं जिवंत ठेविलें आणि त्यांच्या हातावर १७४५१७ हा आंकडा गोंदिला.

तेथें लोरेंत्सो पेरोने नांवाचा एक इटालियन गवंडी सहा महिने रोज त्यांस चोरून भाकर व सूप देत असे. मोबदला म्हणून त्यानें कांहींच घेतलें नाहीं. त्या अन्नानें देह तगला. परंतु जगांत चांगुलपणा अद्यापि उरला आहे, या जाणिवेनें आपण माणूस राहिलों, असें लेवी मानीत. पुढें आपल्या दोन्ही मुलांच्या नांवांत त्यांनीं त्या गवंड्याचें नांव गोंविलें.

ता. २७ जानेवारी १९४५ रोजीं रशियन सैन्य छावणींत पोहोंचलें, आणि त्याच वर्षीं ऑक्टोबरांत लेवी घरीं परतले. त्यांचा पहिला ग्रंथ १९४७ सालीं अवघ्या अडीच हजार प्रतींत निघाला. तो फारसा कोणीं वाचला नाहीं. १९५८ सालीं तो पुन्हां छापला गेला, व मग देशोदेशीं पोहोंचला.

रंगाच्या कारखान्यांतील नोकरी सांभाळून ते शाळाशाळांतून जात. कैदी पळून कां गेले नाहींत, तुम्ही द्वेष कां करीत नाहीं, असे प्रश्न मुलें विचारीत. ते शांतपणें उत्तरें देत. सूड त्यांस नको होता, न्याय हवा होता. मात्र अपराध्यानें आपला पश्चात्ताप कृतीनें दाखविल्यावांचून क्षमा करावयास ते तयार नव्हते. साक्षीदार म्हातारे होत चालले व तरुणांस हें सारें दूरचें वाटूं लागलें, ही चिंता त्यांच्या १९८६ च्या ग्रंथांत दिसते. ता. ११ एप्रिल १९८७ रोजीं राहत्या घरच्या जिन्यावरून पडून त्यांचा अंत झाला.

लेवी हे श्रद्धावंत नव्हते, हें आम्ही लपवीत नाहीं. तरीपण त्यांची साक्ष आम्हां ख्रिस्ती जनांस चुकवितां येत नाहीं. कारण ज्या हातांनीं त्या छावण्या चालविल्या, त्यांतील पुष्कळ जणांचा बाप्तिस्मा झालेला होता. बाप्तिस्मा असून शेजाऱ्यास शत्रु मानणारेहि तेथें होते, आणि आपल्या ताटांतला घांस परक्यास देणारा एक साधा गवंडीहि तेथेंच होता. प्रत्यक्ष पाहिलेले आतां फारच थोडे उरले आहेत. यास्तव आईबापांनीं ही हकीकत आपल्या मुलांस सांगावी, आणि त्या दोहोंपैकीं आपण कोण होऊं, हें त्यांस विचारूं द्यावें.