घोणशीचे विष आणि डॉ. पॅट्रिक रसेल

रोवणीच्या दिवसांत कुरखेड्याच्या आसपास बांधावर, तणसाच्या ढिगात परड निघतो. पुस्तकी मराठीत त्याला घोणस म्हणतात. इंग्रजीत तिचे नाव रसेल्स व्हायपर. हे नाव एका डॉक्टरांवरून पडले आहे.

पॅट्रिक रसेल मूळचे स्कॉटलंडमधील एडिंबरोचे. वैद्यकीचे शिक्षण तिथेच झाले. 1750 मध्ये ते सीरियातील अलेप्पो शहरात गेले. त्यांचे सावत्र भाऊ अलेक्झांडर तिथे एका व्यापारी कंपनीचे डॉक्टर होते. भाऊ परतल्यावर ते काम पॅट्रिक यांच्याकडे आले. 1760 ते 1762 या काळात तिथे प्लेगची साथ होती. अशा वेळी बरेच जण शहर सोडतात. हे थांबले, रुग्ण पाहत राहिले आणि नोंदी ठेवत राहिले. पुढे 1791 मध्ये त्यावर त्यांचा मोठा ग्रंथ निघाला.

1781 मध्ये दुसरे भाऊ क्लॉड यांच्यासोबत ते विशाखापट्टणमला आले. ईस्ट इंडिया कंपनीने 1785 मध्ये त्यांना निसर्ग अभ्यासक म्हणून नेमले. झाडे-मासे होतेच, पण साप चावून माणसे मरतात हे पाहिल्यावर डॉक्टरचे मन तिकडे वळले. विषारी साप कोणता आणि बिनविषारी कोणता, हे सामान्य माणसाला कसे कळावे? त्यांनी साप गोळा केले, दात तपासले, कोंबड्या आणि कुत्र्यांना दंश करवून परिणाम लिहून ठेवले. आज हे वाचताना वाईट वाटते, पण त्या काळी दुसरा मार्ग नव्हता. तेलुगू लोक ज्या सापाला कटुका रेकुला पोडा म्हणत, तो नागाच्या खालोखाल घातक आहे, असे त्यांनी नोंदवले. हीच आपली घोणस.

त्यांनी औषधेही तपासली. तंजावरची एक गोळी सर्पदंशावर फार नावाजलेली होती. तिच्यात सोमल, म्हणजे आर्सेनिक निघाले. खात्रीचा उतारा त्यांच्या हाती लागला नाही. तो का लागला नसावा, हे समजायला थोडे आपल्या पेशींकडे पाहावे लागेल.

पेशीचे आवरण मुख्यतः फॉस्फोलिपिड या चरबीचे असते. ते कापणारी विकरे म्हणजे फॉस्फोलायपेज. ती आपल्या शरीरातही आहेत आणि गरजेचीही आहेत. जखम झाली की असेच एक विकर आवरणातून अरॅकिडोनिक आम्ल सोडवते, त्यापासून प्रोस्टाग्लँडिन बनतात आणि सूज, दुखणे, ताप येतो. पण या विकरावर पहारा कडक असतो. एरवी ते पेशीच्या आतल्या द्रवात गप्प असते. संदेश आला की आतले कॅल्शियम वाढते, तेव्हाच ते आवरणाला जाऊन चिकटते. शिवाय त्याला फॉस्फेटचा शिक्काही लागतो. शांत पेशीतले मुक्त कॅल्शियम बाहेरच्या रक्ताच्या सुमारे 10,000 पटींनी कमी असते, म्हणून विकर उगाच जागे होत नाही. स्वादुपिंडातले विकर तर अर्धवट रूपातच बाहेर पडते. आतड्यात ट्रिप्सिनने तुकडा कापला की मग ते चालू होते.

घोणशीच्या विषातले फॉस्फोलायपेज ए-2 यातले काही पाळत नाही. त्यालाही कॅल्शियम लागते, पण ते रक्तात भरपूर आहे. गंमत अशी, की सापाच्या विषग्रंथीत सायट्रेट असते आणि ते कॅल्शियम धरून ठेवते, म्हणून तिथे विकर आवरलेले राहते. दंशानंतर हा अडसर सुटतो. मग पेशींची आवरणे फाटतात. विषातील इतर विकरे रक्त गोठवणारे घटक संपवून टाकतात, त्यामुळे रक्त गोठत नाही. मूत्रपिंडही बंद पडू शकते. मंत्र, पाला, चिरा देणे, दोरी आवळणे यांपैकी कशानेही हे विकर थांबत नाही. दुखते म्हणून ॲस्पिरिन, डायक्लोफिनॅकसारख्या गोळ्या घेऊ नका. त्या पुढची पायरी अडवतात, विषाला नाही, आणि रक्तस्राव वाढवू शकतात.

रसेल 1789 मध्ये इंग्लंडला परतले. 1796 मध्ये कोरोमंडल किनाऱ्यावरील सापांवरचा त्यांचा ग्रंथ निघाला, रंगीत चित्रांसह. पुढच्याच वर्षी शास्त्रज्ञांनी घोणशीला त्यांचे नाव दिले. 2 जुलै 1805 रोजी त्यांचे निधन झाले. दुसऱ्या खंडाचा उरलेला भाग नंतर छापला गेला.

उतारा मिळायला अजून सुमारे 90 वर्षे गेली. विष टोचलेल्या प्राण्याच्या रक्तात प्रतिपिंडे तयार होतात आणि ती विषाला धरतात, हे तेव्हा समजले. आज मिळणारी लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चारही सापांवर चालते. साप मारून आणण्याची गरज नाही. घोणशीची शंका असेल तर काचेच्या नळीत थोडे रक्त 20 मिनिटे न हलवता ठेवतात. ते गोठले नाही तर लस सुरू होते. मुलांनाही मोठ्यांइतकीच मात्रा लागते, कारण साप विष तेवढेच सोडतो. नातेवाइकांना ती जास्त वाटते, पण कमी करायला सांगू नका.

लस रक्तातले विष धरते. फाटलेली पेशी ती शिवू शकत नाही. म्हणून पुजाऱ्याकडे घालवलेले दोन तास नंतर भरून निघत नाहीत. दंशाचा हात किंवा पाय न हलवता, रुग्णाला न चालवता थेट रुग्णालयात आणा, आणि दंशानंतर लघवी किती वेळा झाली, रंग कसा होता, हे लक्षात ठेवून डॉक्टरांना सांगा.