बेंजामिन फ्रँकलिन : विजेला जमिनीची वाट दाखवणारे शास्त्रज्ञ

फ्रँकलिन यांचा जन्म 17 जानेवारी 1706 रोजी अमेरिकेतल्या बोस्टन शहरात झाला. वडील साबण-मेणबत्त्या बनवायचे. त्यांची सतरा लेकरं, हे पंधरावे. दहाव्या वर्षीच शाळा सुटली, मग छापखान्यात लागले. विजेचा नाद लागला तो चाळिशीत.

1750 च्या डिसेंबरात विजेच्या धक्क्याने टर्की पक्षी मारायला गेले अन् स्वतःच शॉक खाऊन बसले! भानच हरपलं. 1752 मध्ये त्यांनी पतंगाचा प्रसिद्ध प्रयोग केला. (तुम्ही चुकूनही करू नका.) 1753 मध्ये रशियात रिचमन नावाचे शास्त्रज्ञ असाच प्रयोग करताना जागीच गेले. त्यांच्या सळईतल्या विजेला जमिनीत जायला वाट नव्हती. फ्रँकलिन यांनी ती वाट दिली. घरावर टोकदार सळई, तिची तार थेट जमिनीत. पेटंटसुद्धा घेतलं नाही.

1790 मध्ये ते वारले, तेव्हा कुणाच्याच घरात विजेचा दिवा नव्हता. आज आपल्या घरातलं अर्थिंग मात्र त्याच विचारावर चालतं. नांदेडच्या उन्हाळ्यात लोखंडी कूलरच्या पत्र्यात करंट उतरला, तर प्लगची जाड पिन तो जमिनीकडे नेते आणि फ्यूज उडतो. ती पिन तोडली, तर करंट आपल्या अंगातून वाट काढतो. अर्थिंग असलं तरी कूलरमध्ये पाणी ओतताना आधी बटण बंद करून प्लग काढायचाच.