टायबरच्या खोऱ्यातला मराठा शिपाई : नाईक यशवंत घाडगे

इतिहासाच्या पुस्तकात राजांची नावे येतात, सेनापतींची येतात, तहांच्या तारखा येतात. ज्यांनी प्रत्यक्ष बंदूक हातात धरली त्या शिपायांच्या वाट्याला मात्र एखादी ओळसुद्धा येत नाही. त्यांची आठवण राहते ती घरातल्या एखाद्या फोटोत, पेटीत जपलेल्या पदकात किंवा कुठेतरी दूर दगडावर कोरलेल्या नावात. अशाच मोजक्या खुणांच्या आधाराने एका मराठी शिपायाचे चरित्र मी येथे सांगणार आहे. त्यांचे नाव नाईक यशवंत घाडगे.

यशवंतराव कोकणातले. त्यांचा जन्म नोव्हेंबर १९२१ मध्ये माणगाव तालुक्यातील पळसगाव येथला. तेव्हा हा भाग कुलाबा जिल्ह्यात होता. त्यालाच पुढे रायगड हे नाव मिळाले. कोकणातल्या गरीब घरांना त्या काळी थोड्याशा शेतीवर वर्षभर भागवणे कठीण. म्हणून घरचा तरुण मुलगा एक तर मुंबईच्या गिरणीत जाई, नाही तर पलटणीत भरती होई. दर महिन्याची मनिऑर्डर हाच घराचा आधार. यशवंतरावांनी पलटणीची वाट धरली आणि ते पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या तिसऱ्या बटालियनमध्ये नाईक झाले. नाईक म्हणजे लहानशा तुकडीचा प्रमुख. आपल्या हाताखालच्या जवानांना सांभाळायचे आणि वेळ आली की त्यांच्या पुढे चालायचे, हे त्याचे काम.

तेव्हा दुसरे महायुद्ध पेटलेले होते. युद्ध संपेपर्यंत हिंदी सैन्याची संख्या सुमारे २५ लाखांवर गेली आणि हे सारे सैनिक स्वेच्छेने भरती झालेले होते. त्यांपैकी सुमारे ५० हजार इटलीत लढले. ४ जून १९४४ रोजी दोस्तांच्या फौजा रोममध्ये शिरल्या. जर्मन सैन्य उत्तरेकडे मागे हटत होते. पण जाताना प्रत्येक टेकडीवर मोर्चे बांधून वाट अडवीत होते. टायबर नदीचे वरचे खोरे अशाच डोंगराळ मुलखाचे आहे. मराठा पलटण तेथे लढत होती.

१० जुलै १९४४ चा दिवस उजाडला. यशवंतरावांच्या कंपनीने शत्रूच्या एका मजबूत ठाण्यावर हल्ला चढवला. त्यांची तुकडी अगदी जवळून होणाऱ्या मशीनगनच्या माऱ्यात सापडली. पाहता पाहता तुकडीतले सारे जवान ठार झाले किंवा जखमी होऊन पडले. उभे राहिले एकटे यशवंतराव. मागे वळून मदतीची वाट पाहिली असती तरी त्यांना कोणी दोष दिला नसता. पण क्षणाचाही विलंब न लावता टॉमीगन चालवीत ते थेट त्या मोर्चावर धावून गेले. हातबाँब फेकून त्यांनी मशीनगन आणि ती चालवणारा सैनिक दोन्ही निकामी केले. आणखी एका शत्रूसैनिकाचीही गाठ पडली. त्याला त्यांनी गोळी घातली. आता टॉमीगन रिकामी झाली होती आणि नवे मॅगझीन चढवायला वेळ नव्हता. तेव्हा तिची नळी हातात धरून दस्त्याच्या तडाख्यांनी त्यांनी उरलेल्या दोघांना लोळवले. ठाणे हाती आले. इतक्यात दडून बसलेल्या नेमबाजांच्या गोळ्या त्यांच्या छातीत आणि पाठीत शिरल्या. जिंकलेल्या मोर्चातच त्यांनी प्राण सोडला. वय अवघे २२!

नोव्हेंबर १९४४ मध्ये त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस जाहीर झाला. ब्रिटिश साम्राज्यातले शौर्याचे हे सर्वोच्च पदक. इटलीच्या मोहिमेत अशी २० पदके दिली गेली आणि त्यांतली ६ हिंदी सैन्यातील वीरांना मिळाली. १९४५ साली व्हाइसरॉय लॉर्ड वेव्हेल यांच्या हस्ते यशवंतरावांच्या पत्नीने हे पदक स्वीकारले. दिसायला ते किती साधे! कांस्याचा छोटासा क्रॉस आणि किरमिजी फीत. ज्या हातात धनी परत यायचा, त्या हातात एवढेच आले.

यशवंतरावांना स्वतःची कबर नाही. इटलीतच, रोमच्या दक्षिणेला, कॅसिनो येथे एक स्मारक आहे. ज्यांच्या कबरीचा ठावठिकाणा नाही अशा चार हजारांहून अधिक सैनिकांची नावे त्यावर कोरली आहेत. त्यांत आपल्या यशवंतरावांचे नाव आहे. इकडे माणगावला तहसील कचेरीपाशी त्यांचा पुतळा उभा आहे.

वाचकहो, हे चरित्र लिहिताना एक प्रश्न मला सारखा टोचत होता. मी हिंगणीचा. आमचा वर्धा जिल्हा म्हणजे सेवाग्रामचा जिल्हा. परक्या सरकारच्या युद्धाला साथ देऊ नका, असे सांगत १७ ऑक्टोबर १९४० रोजी विनोबांनी पवनारला वैयक्तिक सत्याग्रह सुरू केला. जुलै १९४२ मध्ये काँग्रेस कार्यकारिणीने इंग्रजांनी देश सोडावा हा ठराव केला तोही वर्ध्यातच. मग ज्यांनी त्याच इंग्रजांच्या सैन्यात प्राण दिला, त्यांचे गुणगान वर्ध्याच्या मुलाने करावे काय?

मी पुष्कळ विचार केला. मला वाटते, करावे. युद्ध कोणी पुकारले आणि कोणासाठी पुकारले, हे ठरवण्याचा अधिकार पळसगावच्या तरुणाला कोणी दिलाच नव्हता. स्वतःचा देश गुलाम असताना तो हिटलरच्या सैन्याशी लढला, हे इतिहासाचे मोठेच विचित्र कोडे आहे. पण त्या दिवशी त्याच्या डोळ्यांपुढे साम्राज्य नसणार. आजूबाजूला पडलेले आपले सोबती असणार. विनोबांचे धैर्य वेगळे, यशवंतरावांचे वेगळे. एकाला नमस्कार केला म्हणून दुसऱ्याकडे पाठ फिरवावी लागत नाही. आमच्याच जिल्ह्यात सेवाग्राम आहे आणि सैन्याच्या दारूगोळ्याचे पुलगावही आहे.

आमच्या घराण्यात कॉलेजात पाऊल ठेवणारा मी पहिलाच. माझ्या पणजोबांचा एकही फोटो आमच्याकडे नाही. त्यांचा एक पितळी अडकित्ता तेवढा आजीने जपून ठेवला आहे. तो हातात घेतला की आजी त्यांच्याविषयी सांगू लागते. उद्या आजी नसेल तेव्हा तो नुसता अडकित्ता उरेल. पदकाचे आणि पुतळ्याचेही असेच आहे. सांगणारा असेल तरच ती बोलतात.

इतर देशांनी हे ओळखले आहे. ऑस्ट्रेलियात कॅनबेरा येथल्या युद्धस्मारकात रोज सायंकाळी युद्धात मरण पावलेल्या एका व्यक्तीची जीवनकथा सर्वांसमोर वाचली जाते. रोज एक माणूस, त्याचे गाव, त्याचे घर. आणि इटलीतल्या मोंतोने या गावाने तर आपल्याला लाजवले. जुलै २०२३ मध्ये तिथल्या लोकांनी यशवंतरावांच्या नावाने एक सावलीचे घड्याळ उभारले. आपण सारे एकाच सूर्याखाली राहतो, अशा अर्थाचे लॅटिन वचन त्यावर कोरले आहे. ज्या मुलखात कोकणचा हा पोरगा पडला, त्या मुलखाने जवळजवळ ८० वर्षांनी त्याला आपले म्हटले.

मित्रांनो, राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरांत आपण खेडोपाडी जातो, रस्ते झाडतो, झाडे लावतो. त्यासोबत आणखी एक काम करता येईल. गावात कोणाच्या घरी सैनिकाचा जुना फोटो, पदक, पत्र किंवा पेन्शनचा कागद असेल, तर तेथे बसून घरच्या वडीलधाऱ्यांकडून त्याची हकिकत ऐकावी आणि एका वहीत उतरवून घ्यावी. फोटोच्या मागे नाव, गाव आणि साल लिहून द्यावे. याला पैसा लागत नाही, एक पेन्सिल पुरते. यंदाच्या शिबिरात मी सोबत वही घेऊन जाणार आहे.