बोलोन्याच्या गच्चीवरचे ऊन

रसायनशास्त्र म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे बर्नर, भट्टी आणि नाकाला झोंबणारा वास उभा राहतो. विसाव्या शतकाच्या आरंभी इटलीतल्या बोलोन्या शहरात एक प्राध्यापक मात्र भट्टी न पेटवता रसायनशास्त्र करीत होता. प्रयोगशाळेच्या गच्चीत त्याने काचेच्या चंबूंच्या रांगा मांडल्या होत्या. चंबूत द्रव भरायचे, तोंड बंद करायचे आणि उन्हात ठेवून द्यायचे, तेही महिनोन् महिने. आमच्या आटगावात चैत्र-वैशाखात कुरडया वाळत घालतात, त्यांना दोन-चार दिवस पुरतात. या गृहस्थाची चिकाटी वेगळीच होती.

त्याचे नाव जाकोमो चामिचान. घराणे मूळचे आर्मेनियन. जन्म १८५७ सालचा, त्रिएस्ते बंदरातला. तेव्हा ते ऑस्ट्रियाच्या साम्राज्यात होते. व्हिएन्नात शिक्षण, १८८० साली जर्मनीतल्या गीसेन विद्यापीठाची डॉक्टरेट, मग रोममध्ये थोर रसायनज्ञ कानित्झारो यांच्या हाताखाली उमेदवारी. १८८९ मध्ये तो बोलोन्याला आला आणि अखेरपर्यंत तिथेच राहिला. तरुणपणीचे त्याचे काम पायरोल नावाच्या संयुगावर होते. आपल्या रक्ताचा तांबडा आणि पानाचा हिरवा रंग, दोहोंच्या गाभ्यात याच पायरोलचा सांगाडा असतो. पान उन्हात बसून जे करते ते माणसाला का करता येऊ नये, हा प्रश्न त्याला पुढे आयुष्यभर पुरला.

पॉल सिल्बर हा त्याचा जोडीदार. १९०० पासून पहिल्या महायुद्धापर्यंत या दोघांनी प्रकाशाच्या रसायनशास्त्रावर निबंधांमागून निबंध लिहिले. एकच उदाहरण देतो. शहाजिऱ्याच्या तेलात कार्व्होन नावाचा पदार्थ असतो. तो त्यांनी जवळजवळ वर्षभर उन्हात ठेवला. १९०८ साली त्यांनी जाहीर केले, की त्याच्या रेणूचे दोन भाग एकमेकांत गुंफून निराळाच पदार्थ तयार झाला आहे. आच नाही, जहाल आम्ल नाही; केवळ ऊन.

११ सप्टेंबर १९१२ रोजी न्यूयॉर्कच्या आंतरराष्ट्रीय रसायन परिषदेत त्याने जे व्याख्यान दिले, त्यामुळे त्याचे नाव आज घेतले जाते. मी उभे आयुष्य बँकेत काढले, म्हणून माझ्या भाषेत सांगतो. कोळसा ही पृथ्वीची मुद्दल आहे आणि आपण ती मोडून खात आहोत. सूर्यप्रकाश हे रोज जमा होणारे व्याज आहे, त्याला मात्र कोणी हात लावीत नाही, असा त्याच्या हिशेबाचा सारांश. ओसाड उष्ण प्रदेशांत काचेच्या नळ्यांचे, धूर न सोडणारे कारखाने उभे राहतील आणि संस्कृती उन्हाच्या देशांत परत येईल, असे चित्र त्याने रंगवले. हे उन्हाचे देश युरोपने जिंकायचे, असाही सूर त्यात होता. तो त्या काळाचा माणूस होता, एवढेच म्हणता येईल. वाफ आणि कोळशाच्या त्या ऐन भरात हा हिशेब मांडायला मात्र धाडस लागत होते. १९१० मध्ये तो इटलीचा सिनेटर झाला होता. नोबेलसाठी नाव अनेकदा सुचवले गेले, पण पारितोषिक मिळाले नाही. २ जानेवारी १९२२ रोजी बोलोन्यातच तो वारला. तिथल्या विद्यापीठाचा रसायनशास्त्र विभाग आज त्याच्या नावाने ओळखला जातो.

वाचकहो, चामिचानला उन्हाकडून नवे पदार्थ घडवून घ्यायचे होते. नको असलेले पदार्थ मोडायलाही ऊन कामाला लावता येईल, हे पुढच्या पिढ्यांच्या ध्यानात आले. १९७२ साली फुजिशिमा आणि होंडा या जपानी संशोधकांनी टायटॅनियम डायऑक्साइडवर प्रकाश पाडून पाण्याचे विघटन करून दाखवले, आणि या विषयाला वेग आला. टायटॅनियम डायऑक्साइड म्हणजे भिंतीच्या पांढऱ्या रंगात असते तीच भुकटी. अतिनील किरण पडले की तिच्यातला इलेक्ट्रॉन जागा सोडतो. त्या रिकाम्या जागेमुळे पाण्यापासून असे जहाल कण तयार होतात, की ते रंगाचा, कीटकनाशकाचा, फिनॉलचा रेणू तुकडे तुकडे करीत नेतात. पुरेसा वेळ दिला, तर शेवटी मुख्यतः कार्बन डायऑक्साइड आणि पाणी उरते. भुकटी स्वतः खर्ची पडत नाही, म्हणून ती उत्प्रेरक.

हे आमच्या भागात किती निकडीचे आहे ते सांगायला नको. आमच्या शहापूर तालुक्यातून तानसा-भातसाचे पाणी मुंबईला जाते, आणि याच तालुक्यातले पाडे उन्हाळ्यात टँकरची वाट पाहतात. खाली कल्याणला अंबरनाथ-उल्हासनगरच्या कारखान्यांचे पाणी घेऊन वालधुनी उल्हास नदीला मिळते. कर्जाचे प्रकल्प अहवाल मी वर्षानुवर्षे वाचले. यंत्रसामग्रीला दहा पाने आणि सांडपाण्याला एक ओळ, हे त्यांतले ठरलेले प्रमाण असे.

माटुंग्याच्या रासायनिक तंत्रज्ञान विभागातील भातखंडे व पांगारकर यांनी बीनाकर्स या परदेशी सहकाऱ्याबरोबर २००२ साली या पद्धतीचा सविस्तर आढावा प्रसिद्ध केला. जगभरचे संशोधक त्याचा आधार घेतात. तेव्हा ज्ञान आपल्या दाराशीच आहे. अडचणी आहेत त्या व्यवहारातल्या. सूर्यप्रकाशात या भुकटीला चालणारे अतिनील किरण जेमतेम चार-पाच टक्के. पाणी जितके गडद, तितका प्रकाश आत कमी शिरतो. म्हणजे जिथे गरज जास्त तिथेच काम मंद. शिवाय बारीक भुकटी पाण्यातून परत गाळून काढणे खर्चाचे. त्यामुळे आधी जिवाणूंकरवी नेहमीची प्रक्रिया करायची आणि त्यांना न पचणारा शेवटचा अंश उन्हाकडे सोपवायचा, ही वाट मला व्यवहार्य वाटते. भुकटी काचेवर किंवा मण्यांवर घट्ट बसवण्याचे आणि साध्या दृश्य प्रकाशातही काम करील असा उत्प्रेरक घडवण्याचे प्रयत्न चालू आहेत. चामिचान एका चंबूसाठी वर्षभर थांबू शकत होता. कारखानदाराला पाणी संध्याकाळच्या आत सोडायचे असते.